तिकीट काढून नातीची भेट

याच शहरात, पर्वत पाटिया भागात बापाचं घर असताना पोरीने हॉटेलात उतरायचं, ही कुठली रीत?

हर्षदा माय, आजीचा आशीर्वाद.

पटावरच्या खेळांच्या मेळाव्याचं तू पाठवलेलं तिकीट मिळालं. तू बनवलेल्या खेळाचा पहिला डाव माझ्याशी मांडणार म्हणतेस. अखाजीच्या सणाला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात, तुला मात्र परजातीत लग्न केलं म्हणून बापाने दारातूनच फिरवलं.

सकाळी नवी साडी नेसले, चप्पल घातली, आणि परत काढली. तिथे आले तर हे दार तुला कायमचं बंद, असं मीच कबूल केल्यासारखं होईल. म्हणून येत नाही. जीव तुटतो, तुटू दे.

तुझी आजी सुभद्रा

हे पत्र टपालात टाकत नाही, तुझ्या बापाच्या, पंडितच्या ताटाशेजारी ठेवते. उत्तर त्यानेच द्यायचं, आणि जेवायच्या आधी.