पुढच्या कप्प्यातली चार जॅकेटं

ड्रागा, १४ ऑक्टोबर

प्रिय मारिनदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. चार घरं पलीकडे राहणाऱ्या भावाला पत्र लिहितेय म्हणून हसशील. आई बरी आहे, गुडघा सोडून. ऑलिव्हची तोडणी निम्मी झाली. वहिनीने पाठवलेले अंजीर मिळाले, ते मी शेजारच्या पेरिनाला देऊन टाकले.

काल नौका मंडळाचे अध्यक्ष आले होते. रविवारी तुला पदक द्यायचंय, आणि ते माझ्या हातून. म्हणाले, "भावाने बहिणीला समुद्रातून ओढून काढलं, याहून मोठं काय असतं?" मी कॉफी केली. जाताना दारात थांबून म्हणाले, "तुझ्या जाक्शाचं वाईट वाटतं गं. पण एवढा शिस्तीचा म्हणवायचा, आणि होडीत असली कुजकी जीवरक्षक जॅकेटं?"

मी दार लावून घेतलं. सहा आठवडे गप्पच बसलेय.

आपल्या बंदरात तपासणीच्या आठवड्यात काय चालतं ते तुला काय सांगायचं. चार होड्यांत मिळून एक चांगला संच, आणि तो लग्नातल्या उसन्या भांड्यांसारखा फिरतो. माझा नवरा तेवढा द्यायचा नाही. तुम्ही सगळे त्याला चिडवायचात, "जाक्शा आंघोळीलाही जॅकेट घालून बसतो." म्हणून तू त्याच्याकडे न जाता माझ्याकडे आलास. "विंके, एक दिवस दे. संध्याकाळी कप्प्यात परत." मी त्याच्या नकळत तुला होडीच्या पुढच्या कप्प्याची किल्ली दिली. हा माझा गुन्हा, तो मी नाकारत नाही.

संध्याकाळी तू पिशवी ठेवून गेलास. मी वरून मोजली, चार होती. बाहेर काढून पाहिली नाहीत. भावावर काय संशय घ्यायचा?

त्या शनिवारी निघताना जाक्शाने नेहमीसारखं विचारलं, "जॅकेटं पाहिलीस?" मी म्हटलं, "हो." दुपारी दक्षिणेचा वारा उठला. लाटा आत येऊ लागल्या तेव्हा त्याने आधी तुला फोन केला, मग पिशवी उघडली. तुझी जुनी जॅकेटं होती ती, दादा. माझा पट्टा ओढताच तुटला. त्याच्या जॅकेटातला स्पंज पाणी पिऊन जड झाला. तरंगणारं एकच कडं होतं, ते त्याने माझ्या गळ्यात घातलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "ही आपली नाहीत." रागावलाही नाही. त्याला शेवटचं कळलं ते हे, की बायको खोटं बोलली.

तू आलास. त्या वाऱ्यात दुसरं कुणी आलं नसतं, हे मी देवासमोरही सांगेन. पण तू मला वर ओढलंस तेव्हा माझं तोंड तुझ्या जॅकेटच्या कॉलरवर घासलं, आणि तिथे जाक्शाच्या अक्षरात विकत घेतल्याची तारीख होती. त्याची सवय होती ती. मी वाचली, आणि मी वाचतेय हे तू पाहिलंस.

पाहुण्यांना फिरवायला चांगली जॅकेटं हवी होती, एवढंच ना? मला सांगायचंस. आम्ही त्या दिवशी घरी बसलो असतो.

बंदराच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, "ही कुजकी जॅकेटं कुणाची?" तू माझा हात धरून बसला होतास. तू बोलशील म्हणून मी वाट पाहिली. तू माझा हात दाबलास. मी म्हटलं, "आमचीच." त्या एका शब्दाने माझा नवरा मेल्यावर निष्काळजी ठरला, आणि तू हिरो.

उद्या दहा वाजता मी तिथे जाऊन तो शब्द मागे घेणार आहे. किल्लीचंही सांगणार आहे. तू आधी पोचलास तर मी बाहेर बाकावर बसेन, तुझं तू सांग. नाही आलास तर तुझंही मीच सांगेन. आईला आज रात्री सांगतेय, गावातल्या लोकांकडून तिला कळायला नको.

एरवी इथे 'तुझी' लिहिते. आज हात वळत नाही.

जाक्शाची,
विंका