टोपीचा डावा पंख

प्रिय चिंगशान,

परवा सकाळी मी देवळाचं अंगण झाडलं नाही. खराटा घेतला, पण तो खांद्यावर टाकून वरच्या शेताकडे चालू लागलो. वाटेत फान सरपंच भेटले. म्हणाले, "काय देशुन, भूमातेला सुट्टी दिलीस की काय?" मी म्हटलं, आज थडगी झाडायचा दिवस, आई समजून घेईल. सरपंचांच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या आणि चेहरा आंबट होता. बादल्या कशाला, ते शेवटी सांगेन. आधी घरचं.

गुरुआई बऱ्या आहेत. दात गेलेत, जीभ शाबूत आहे. नूडल्सवर अजून अर्धी वाटी व्हिनेगर ओततात आणि वर मलाच विचारतात, हल्ली व्हिनेगरला चव का नाही म्हणून. गेल्या महिन्यात तुझा न्यूयॉर्कचा प्रयोग मी त्यांना फोनवर दाखवला. तुझे नर्तक बराच वेळ जमिनीवरून उठेचनात, तेव्हा म्हणाल्या, "अरे, या पोरांना कुणी जेवायला घालतं की नाही?" पण शेवटी तू एकटा उभा राहिलास, मागे तूच रंगवलेलं ते राखाडी आभाळ हळूहळू उजळलं. मग फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, "मान बघ त्याची. मान ह्यांचीच आहे."

तेव्हा मला आपली ती काळी टोपी आठवली. दोन्ही बाजूंना पातळ पंख असलेली, नाटकातल्या न्यायाधीशाची. न्यायाधीशाच्या मनात घालमेल सुरू झाली की एक पंख थरथरायला हवा आणि दुसरा अगदी स्तब्ध. मान हलता कामा नये. च्याओ गुरुजी आपल्याला रिकाम्या अंगणापुढे उभं करायचे, समोरच्या देवळातल्या भूमातेकडे बोट दाखवून म्हणायचे, "प्रेक्षक आलाय. करा सुरू." माझा एक पंख कसाबसा हलायचा. तुझे दोन्ही फडफडायचे. "अरे, टोपी आहे ती, माशा हाकायचा पंखा नव्हे!" मला एकदा ते "जमलं" म्हणाले. तुला कधीच नाही. त्या दिवशी तू विहिरीमागे जाऊन रडलास आणि परत येऊन पुन्हा टोपी घातलीस, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे तू नवं नृत्य शिकायला दक्षिणेकडच्या शहरात गेलास, तेव्हा गावाने नावं ठेवली. गुरुजी एवढंच म्हणाले, "जाऊ द्या त्याला. त्याच्या टोपीला हे अंगण पुरत नाही." मग अमेरिका, तिथे दुसऱ्यांच्या नाटकांचे पडदे रंगवत काढलेली उपाशी वर्षं, मग स्वतःचा नृत्यसंच. तुझी चित्रं संग्रहालयांत लागली आणि तुला नर्तक म्हणावं की चित्रकार, यावर शिकलेली माणसं भांडू लागली. मला त्यातलं फार कळत नाही. पण मुलाखतीत कुणी तुझे गुरू विचारले की तू दरवेळी आपल्या गावाचं आणि च्याओ गुरुजींचं नाव घ्यायचास. मी ते वाचून दाखवायचो. गुरुजी कानात बोट घालून म्हणायचे, "पुन्हा वाच, नीट ऐकू आलं नाही." त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते, चिंगशान. त्यांचं म्हातारपण तू गोड केलंस. मी जवळ राहून त्यांचं दुखणं बघितलं, पाय चेपले, पण ते हसू मला आणता आलं नसतं. त्याबद्दल मी रोज उदबत्ती लावताना तुझं नाव घेतो.

ते गेले त्या दिवशी तुझा पडदा उघडलेला होता. तू आला नाहीस म्हणून कुणी कुजबुजलंही असेल, पण गुरुआईंपुढे नाही. ढोल वाजल्यावर नटाने रंगमंच सोडायचा नाही, हा नियम त्यांच्याच नवऱ्याचा. पुढच्या वसंतात तू आलास. देवळासमोरच्या आपल्या जुन्या रंगमंचावर पांढरं कापड अंथरलंस, नाटकातल्या लांब पांढऱ्या बाह्या चढवल्यास, त्यांची टोकं शाईत बुडवलीस आणि देवीकडे तोंड करून नाचलास. मा काकूंचं बोलणं तू ऐकलंस की नाही कोण जाणे. "आमची गाढवीण चिखलात लोळली की असंच काढते. तिला नाही कुणी अमेरिकेला बोलावत!" सगळं अंगण हसलं. गुरुआई मात्र काठी टेकत कापडाच्या डाव्या कोपऱ्यापाशी गेल्या. उजवीकडे एकच सरळ, शांत रेघ होती, आणि डावीकडे बारीक बारीक थरथर. बराच वेळ बघून म्हणाल्या, "टोपी."

जाताना तू म्हणालास, "दादा, हे गुरुजींचं आहे. त्यांना दे." मी मान डोलावली आणि कापड गुंडाळून देवळाच्या कोठीत ठेवलं. मग शहरातल्या संग्रहालयाचे साहेब आले. काचेची पेटी करू म्हणाले, गावाचं नाव लावू. सरपंचांच्या डोळ्यांपुढे लगेच पक्का रस्ता आणि पर्यटकांच्या गाड्या उभ्या राहिल्या. गाव गरीब आहे, त्यांची आशा खोटी नव्हती. तुला फोन केला तर म्हणालास, "दिलेल्या वस्तूवर माझा काय हक्क, दादा?" आणि खरं सांगतो, अडचण साहेबांची नव्हती, सरपंचांचीही नव्हती. दर पौर्णिमेला कोठीचं दार लावून मी ते कापड उलगडायचो. त्यात आपलं अख्खं लहानपण दिसायचं. ते हातचं जाऊ नये, असं मलाच वाटत होतं. गेलेल्या माणसाला काही द्यायचं तर आपल्याकडे एकच वाट असते, आगीतून. तू इतक्या दूर राहूनही ती विसरला नव्हतास. मी रोज देवळात राहून ती आठवायचं टाळत होतो.

तर परवा मी वरच्या शेतातलं गुरुजींचं थडगं झाडलं. भोवतीची जमीन नांगरलेली, तरी आगीची भीती, म्हणून सरपंच बादल्या घेऊन आले होते. वाटभर कुरकुरत होते, "सगळा तालुका आपल्याला वेडा म्हणणार, आणि पाणी वाहायला मीच!" पण कोठीतून आणलेलं कापड उलगडताना दुसरं टोक त्यांनीच धरलं. गुरुआईही चढून आल्या होत्या; त्यांनी काठीने मातीत वर्तुळ काढलं, थडग्याच्या बाजूला तोंड उघडं ठेवलं, म्हणजे भटकी भुतं मधेच हात मारायची नाहीत. पिवळ्या कागदावर गुरुजींचं नाव लिहून मी कापडावर ठेवलं, नमस्कार केला आणि काडी ओढली. उजवं टोक दगडाखाली स्तब्ध होतं. डावं, तुझ्या त्या थरथरत्या रेघांचं, आगीच्या झळेने उचललं गेलं आणि थरथरू लागलं. दुसरं जराही हललं नाही. सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढली. गुरुआई थडग्याकडे बघत म्हणाल्या, "बघितलंत ना? आता तरी म्हणा." मग राख निवेपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "देशुन, त्याला आजच कळव. म्हणावं, जमलं म्हणाले." लिहायला दोन दिवस लागले. तुझी वस्तू गुरुजींना पोचती केली आहे. हे पत्र म्हणजे त्याची पोच.

तुझाच,
देशुनदादा