एकही बुडबुडा नाही

अगं,

दादाचं एक पत्र सहा वर्षं माझ्या शब्दकोशात तसंच पडून आहे. बाबांची जुनी मोटार नेताना त्याने लिहिलं होतं, ‘मी नवा रेडिएटर बसवलाय. मूळचा गळका तुलाच ठेव. तुझ्या हातून काही तो दुरुस्त व्हायचा नाही, पुस्तकं टेकवायला होईल.’ मी उत्तर दिलं नाही. वाटलं, खरंच असेल.

न्हाणीघरात मी जे पितळी धूड पाण्यात बुडवून बसायचो आणि तू करवादायचीस, ते तेच. काल गळक्या जागी कथलाचा डाग दिल्यावर, आत हवा फुंकली तरी पाण्यात एकही बुडबुडा आला नाही. तीनदा पाहिलं.

आता रविवारच्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनासाठी दादाला मूळचा म्हणून तोच हवाय, आणि तू फोनवर ‘न्या की’ म्हणून बसलीस. दुपारी तो आला की चहा दे. रेडिएटर मिळणार नाही. तसलीच मोटार असलेल्या डॉक्टरीणबाईंना तो द्यायला निघालोय. रविवारी त्यांची गाडी दादाच्या गाडीला लागूनच उभी राहणार आहे.

चुकलं असेल तर संध्याकाळी बोल. आधी विचारलं असतं, तर माझा धीर सुटला असता.

दादाला उत्तर लिहिलं: ‘पत्र मिळालं. दुरुस्त झाला. रविवारी शेजारच्या मोटारीत बघ.’ सकाळीच पेटीत टाकून आलो.