मानेतलं जेल

३ फेब्रुवारी
आज धाकट्या भावाच्या, अंकुशच्या मानेत जेल टोचलं. तंबाखूच्या खर्ऱ्याने तोंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, गाठ मानेत परत आली. आता उरली ती नव्या औषधाची ही चाचणी. डॉक्टर नूपुर म्हणाल्या, औषध जेलमध्ये अडकवलंय. तीन आठवडे थोडं थोडं झिरपेल, त्याच्याच रक्तातल्या पेशींना गाठीवर सोडेल. "जेल जागेवर बसून राहिलं पाहिजे. शेकायचं नाही, चोळायचं नाही."
सूचनांचा कागद इंग्रजीत. मी भावाला मराठीत समजावला. म्हणाला, "ताई, वर्ग घेऊन राहिली काय वं?"

५ फेब्रुवारी
टोचल्या जागी बोराएवढा फुगवटा. जेलचाच. असतो म्हणे.

८ फेब्रुवारी
आई अंकुशच्या दारात उभी. त्याने रीनाशी लग्न केल्यापासून सहा वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती. आत येऊन त्याच्याजवळ बसली. मग, "किती वाळला गा तू."
मी चहा ठेवायला आत गेले.
आई इथेच राहते म्हणाली. बरंच झालं — रीनाला कामावर जावं लागतं.

१३ फेब्रुवारी
कॉलेजात शिकवून त्यांच्याकडे गेले. आई हसत होती. "पाह्य, गाठ बसली!"
फुगवटा नव्हता. पाच दिवस ती रोज दुपारी कोमट तेलाने चोळत होती. रीनाला वाटलं, चोळायचं नाही हे आईला मी सांगितलं असेल. मी सांगितलं नव्हतं.
अंकुश भिंतीकडे तोंड करून पडला होता.

१४ फेब्रुवारी
ताप. भरती केलं. जेल फुटून पसरलंय. औषध एकदम सुटलं, यकृत सुजलं. दुसरा डोस नाही, चाचणीतून नाव काढलं.
पुढे काय, विचारलं. "त्रास कमी ठेवू," डॉक्टर नूपुर म्हणाल्या.

१६ फेब्रुवारी
कागद पुन्हा वाचला. चोळायचं नाही, हे वाक्य जाड अक्षरात आहे.

१७ फेब्रुवारी
आईला म्हटलं, औषध लागू पडलं नाही.
"मी तं रोज चोळून देत होती," ती म्हणाली.

२० फेब्रुवारी
अंकुशची माफी मागितली. आईला सांगायचं राहून गेलं, म्हटलं.
त्याचं तोंड धड उघडत नाही. सावकाश बोलला.
"मले तं सांगतलं होतं ना तू. मीच नाही बोललो आईले. बोललो असतो तं तिनं मानेवरचा हात काढला असता."