तोंडात पाणी धरून केलेलं संशोधन

भटवाडी, घाटकोपर
रविवार, जेवणं आटोपल्यावर

तीर्थरूप दत्ताराम दादास,

धाकट्या माधुरीचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे मजेत आहोत, तुम्ही तिकडे तसेच असाल असं धरून चालते. वहिनींचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल त्या लावतात, की बाटली अजून देवघरामागे उभी आहे? कलमांना मोहर कितपत धरलाय? माकडांनी यंदा तरी काही शिल्लक ठेवलंय का? तुझ्या दिशाची नोकरी कशी चाललीय? आणि नाना कसे आहेत? (याचं उत्तर मला पाठ आहे. दर रविवारी मी फोनवर हेच विचारते आणि तू सांगतोस, "नाना म्हणतत बरा वाटता." अंगावरून वारं गेल्यापासून स्वतःच्या वडिलांची खुशाली मला तुझ्याच तोंडून कळते. त्याबद्दल सवडीने लिहीन.)

हातात फोन असताना ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. आमच्या ह्यांनाही तेच वाटलं. पण दादा, फोनवर मी अर्धं वाक्य बोलते न बोलते तोच उरलेलं तू पूर्ण करतोस. तुझं वाक्य माझ्यापेक्षा बरं असतं हे खरं, पण ते माझं नसतं. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून पत्र.

पन्नाशीला टेकल्यावर मी एम. ए. शिक्षणशास्त्राला नाव घातलं तेव्हा तू म्हणाला होतास, "आता शिकान काय कलेक्टर होतलंस?" सोसायटीतल्या बायकांनी तर मला पगारवाढीसाठी शिकतेय म्हणून माफ करून टाकलं. मलाही वाटत होतं की इतकी वर्षं खडू झिजवलाय, आता मला कोण काय शिकवणार? शनिवारी शाळा सुटली की मुलुंडच्या कॉलेजात जायचं, मागच्या बाकावर डबा खायचा, पदवी घेऊन यायचं. (मागचा बाक मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला. तिथे झोप किती छान लागते हे कळल्यापासून माझ्या वर्गातल्या मागच्या बाकाला मी ओरडत नाही.) पण शेवटच्या सत्रात एक मेख आहे. आपल्याच वर्गावर संशोधन करायचं आणि हॉलभर शिक्षकांसमोर, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर ते मांडायचं. मांडणी जमली तर पदवी, नाहीतर वर्ष पाण्यात.

मी विषय निवडला, 'मुले वर्गात का बोलत नाहीत?' निवडला म्हणजे काय, उत्तर मला आधीच माहीत होतं. मोबाइल, टीव्ही आणि आईबाप. आमच्या मार्गदर्शक क्षमा मॅडम तुझ्या दिशाच्या वयाच्या आहेत. (पहिल्या दिवशी मी त्यांना "बाळ, सर कधी येणार?" असं विचारलं होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, हे त्यांचं मोठेपण.) त्यांनी माझं उत्तर शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमचा एक तास फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यात मुलं जेवढं बोलतात तेवढंच लिहून आणा.

आता तुला आमची, म्हणजे यच्चयावत शिक्षक जातीची एक खोड सांगायला हवी. तशी तुलाही ती ठाऊक आहे, कारण गावच्या शाळेत गावडे गुरुजी असंच शिकवायचे. आम्ही शब्द अर्धा बोलतो आणि उरलेला मुलांकडून वसूल करतो. आम्ही म्हणायचं, "पृथ्वी सूर्याभोवती फि...?" आणि वर्गाने ओरडायचं, "...रते!" वर्ग एका सुरात ओरडला की आमचा जीव भांड्यात पडतो. मला ही खोड इतकी जडलीय की मी भाजीवाल्यालाही "कोथिंबीर ताजी आ...?" असं विचारते आणि तो "हे" म्हणेपर्यंत हलत नाही.

तर मी तो तास ऐकला. आधी मला वाटलं भलत्याच कुणा बाईचा आवाज आहे, ती दुकान बंद व्हायच्या आत सगळा माल खपवायला निघालीय. मग मुलांचं बोलणं लिहायला घेतलं. वर्गातल्या मुलांनी मिळून त्या अख्ख्या तासात जे ज्ञान प्रकट केलं ते असं: "रते", "बई", "हो बाई", "क्सिजन", "हो बाई", "णी". पूर्ण वाक्य एकच सापडलं, "बाई, पाणी पिऊन येऊ?" दादा, मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते, ती तशीच उभी राहिले. मुलं बोलत नाहीत म्हणून मी जगाला दोष देत होते, आणि त्यांना बोलायला शब्दाचं शेपूटच तेवढं ठेवत होते.

क्षमा मॅडमनी उपाय सांगितला तो ऐकून तुला हसू येईल. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. बस, एवढंच. उत्तर सुचवायचं नाही, पहिला अर्धा शब्द द्यायचा नाही, हुशार मुलाकडे आशेने बघायचं नाही. मी म्हटलं, हे काय संशोधन झालं? आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं की थांबण्याइतकं अवघड काम नाही. आपल्या घराण्यात थांबणं जमलंय कोणाला? तू कोकमं भिजायच्या आधीच सोलकढी गाळून मोकळा होतोस. मी प्रश्न विचारायचे, आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत बसायची, आता बाई अर्धा शब्द टाकतील म्हणून. ती शांतता मला खायला उठायची आणि माझ्या तोंडून शब्द आपोआप सुटायचा. शेवटी मी शक्कल लढवली. लोक मूग गिळून गप्प बसतात, मी पाणी धरून गप्प बसले. प्रश्न विचारला की बाटलीतला मोठा घोट घ्यायचा आणि तो गिळायचा नाही.

पहिला आठवडा मुलांना वाटलं बाईंची दाढ दुखतेय. आणि एके दिवशी नेमक्या आमच्या मोठ्या बाई फेरी मारत वर्गात आल्या. मी नुकताच सावलीवरचा प्रश्न टाकला होता, दुपारी सावली लहान का होते? आणि तोंडात घोट. वर्ग चिडीचूप, मी फळ्यापाशी गाल फुगवून उभी, हातात खडू. मोठ्या बाईंनी विचारलं, "काय चाललंय?" मी मान हलवली. त्यांनी परत विचारलं. मी घाईने गिळायला गेले आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. एका पोराने उठून खुलासा केला, "बाई प्रयोग करतायत." मोठ्या बाईंनी माझ्याकडे अशा काळजीने पाहिलं की पुढची सुट्टी त्या न मागता मंजूर करतील अशी मला आशा वाटायला लागली.

आणि त्या सगळ्या खोकल्या-खाकरण्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला. श्रुतिका बोलत होती. ही डोंगरावरच्या वस्तीतून येते. वर्षभरात माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, हजेरीलाही नुसता हात वर करायची. बोलायला लागली तीही थांबत थांबत. म्हणाली, "बाई, आमच्या गल्लीत... सावलीच असते. सकाळी पण. संध्याकाळी पण." मला आत सगळं शिवशिवत होतं, पण ठसक्याने बोलती बंद होती, हे माझं नशीब. ती पुन्हा थांबली आणि म्हणाली, "दुपारीच ऊन खाली येतं. सरळ वरून. तेव्हा आजी पापड काढते बाहेर. मग परत जातं. म्हणून मला वाटतं, ऊन तिरकं असलं की... घरांना अडतं."

मी इतकी वर्षं मैदानात काठी रोवून सावली शिकवतेय, दादा. सावली म्हणजे उन्हात पडते ती, असंच शिकवलं. सावलीतच राहणारं, दुपारच्या थोड्याशा उन्हाची वाट बघणारं मूल माझ्यासमोर वर्षभर बसलंय, आणि सूर्य कुठून कसा येतो हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, हे मला कळलंच नव्हतं. मोठ्या बाईसुद्धा दारात थबकल्या होत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "चालू द्या", आणि गेल्या. त्यानंतर वर्गात काय काय निघालं ते सांगायला बसले तर वही पुरणार नाही. एकाने विचारलं, रात्र म्हणजे पृथ्वीची सावली का? मी पुन्हा पाणी घेतलं, पण यावेळी मला काही सुचत नव्हतं म्हणून.

काल मांडणीचा दिवस होता. मी नवी इरकल नेसून गेले. माझ्या आधी कुंडलिक सर होते. हे मूळचे परभणीकडचे, विक्रोळीच्या शाळेत शिकवतात, बोलायला एकदम साधे. त्यांनी मुलांकडून आपापल्या वस्तीचे नकाशे काढून घेतले होते. एकेक नकाशा पडद्यावर येत होता आणि आमचा हॉल माना पुढे काढून बघत होता. सार्वजनिक नळ हत्तीएवढा, कुत्रा बसतो तो कोपरा लाल, मावशीचं घर जवळ आणि शाळा नखाएवढी. सर म्हणाले, "मी आधी चुका काढायला लाल पेन घेतलं होतं. मग म्हटलं, हे मोजमाप त्यांचं आहे, बरोबरच असणार." त्यानंतर आमचे विकी सर, पी.टी.चे. मुली मैदानात का उतरत नाहीत, यावर त्यांचं संशोधन. मुलांचं क्रिकेट मैदानाच्या मधोमध आडवं चालायचं, ते त्यांनी कुंपणाशी उभं केलं, स्टंपा हलवल्या, बाकी काही नाही. मधली जागा मोकळी झाल्यावर मुली आपसूक उतरल्या. मला वाटलं, बाप रे, मी ज्यांच्याबरोबर मागच्या बाकावर डबा खात होते ती ही माणसं! त्यांच्या त्या छोट्या छोट्या शोधांपुढे मला खरोखर हात जोडावेसे वाटले.

मग मी उभी राहिले. मुलांची ती 'रते-बई'ची यादी वाचली तेव्हा हॉल खो खो हसला आणि मग एकदम हसायचा थांबला, कारण प्रत्येकाला आपापला वर्ग ऐकू आला असावा. प्रात्यक्षिक म्हणून मी हॉललाच एक प्रश्न विचारला आणि पाण्याचा घोट घेतला. दादा, शंभरेक शिक्षक एका जागी गप्प बसणं निसर्गात नाही. एकाने लगेच उत्तर दिलं, दुसऱ्याने ते दुरुस्त केलं, तिसऱ्या बाईंनी दोघांना "हात वर करून बोला" म्हणून दटावलं. मी गाल फुगवून उभीच. क्षमा मॅडम तोंडाला पदर लावून हसत होत्या. इथवर सगळं झकास चाललं होतं. पण शेवटाला आले, समोर परीक्षक बसलेले, धीर चेपलेला, आणि मी सवयीने बोलून गेले, "म्हणून या संशोधनाचा निष्कर्ष असा निघ...?"

"...तो!" अख्खा हॉल ओरडला. परीक्षकसुद्धा.

मला वाटलं, वाट लागली, गेलं वर्ष. पण परीक्षक डोळे पुसत म्हणाले, "बाई, रोग किती जुना आहे याचा एवढा पक्का पुरावा मी पाहिला नव्हता." पास झाले, दादा. पत्राबरोबर पाठवलेले पदवीचे पेढे वहिनींना दे आणि माकडांपासून लपवून ठेव.

वहिनींना नमस्कार, दिशाला आशीर्वाद, नानांच्या पायांवर डोकं.

तुझी,
माधुरी

ता. क. मी आता कमी बोलायला शिकलेय असं ह्यांना सांगितलं. त्यांनी या पत्राची पानं हातात तोलून पाहिली आणि काही बोलले नाहीत. त्यांनाही पाणी प्यायची सवय लागलेली दिसते.

ता. क. २. येणाऱ्या माणसाबरोबर कोकमाच्या आगळाची बाटली पाठव. बूच घट्ट लाव, मागच्या वेळी त्याच्या शर्टाने अर्धं प्यायलं होतं.

ता. क. ३. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. हे फोनवर सांगता आलं नसतं, कारण तुझा फोन नानांच्या खाटेवर स्पीकरवर असतो. गिरणीच्या खडखडाटात बोलून त्यांचा आवाज किती मोठा होता, आठवतं? सुट्टीत आपण मुंबईला त्यांच्याकडे यायचो तेव्हा त्यांनी चाळीच्या या टोकाला हाक मारली की त्या टोकाची पोरं घरी जायची. गेल्या रविवारी मी "नाना, कसे आहात?" विचारलं तेव्हा मला मागून "मा..." असं ऐकू आलं. तू लगेच म्हणालास, "माधुरी कशी आसा, इचारतत." तू त्यांचं हगणंमुतणं काढतोस, त्यांना भरवतोस, तुझ्या मायेवर मी बोट ठेवत नाही. पण दादा, त्यांना ते पूर्ण करू दे. पुढच्या रविवारी मी फोन करीन, प्रश्न विचारीन आणि इकडे तोंडात घोट धरून बसेन. तूही तिकडे एक घोट घे. कितीही वेळ लागू दे, फोन तोडू नकोस, मीही तोडणार नाही. 'माधुरी'च म्हणायचं असेल असं मला आपलं वाटतं, कदाचित 'मासे' म्हणायचं असेल. मासे म्हणाले तरी मला चालेल. अख्खं म्हणू दे.