हिशोब कुठे थांबवायचा

मंगळवार, ११ नोव्हेंबर. ठाकुर्ली.

घोडबंदर रोडवरून घरी यायला आज अख्खी संध्याकाळ गेली. अजून सँडलही काढलेल्या नाहीत.

ऑफिसातल्या सरांचं बोलणं डोक्यातून जात नाही. वीज मिळवायला जेवढी ऊर्जा घालतो, तिच्या किती पट परत येते, याचा कोळसा आणि सोलर असा तुलनेचा तक्ता उद्या क्लायंटकडे जायचाय. माझ्या नावाने. सोलरमध्ये त्यांनी बॅटरी धरायला लावली. ठीक आहे, अंधार पडल्यावर वीज हवी तर बॅटरी लागणारच. पण कोळशाचा हिशोब खाणीच्या तोंडाशीच थांबवलाय. वॅगन, बॉयलर, चिमणीतून वाया जाणारी उष्णता, काहीच धरलेलं नाही.

"सर, दोन्ही घरातल्या बटणापर्यंत मोजू या ना."

"अगं, एवढं कोण बघतंय? तू पडलीस सोलरवाली."

हे लागलं. खरं आहे म्हणून? त्यांनी सांगेपर्यंत बॅटरी मी तरी कुठे धरली होती?

बसमध्ये बसून दोन्ही बटणापर्यंत मोजले. कोळसा बराच खाली आला. बॅटरीमुळे सोलरही आला. दोघांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. पुन्हा तपासलं, तेच. सोलर पुढे निघेल असं वाटलं होतं. वाटलं नव्हतं, हवं होतं.

तोच तक्ता सरांना पाठवला. त्यांचा लगेच मेसेज आला, "मग जिंकलं कोण?"

"कोणीच नाही, सर. खाली माझं नाव राहू द्या."