सासूबाईंना वन-वे लागू नाही

सोमवार, ६ ऑक्टोबर. सकाळी, ऑफिसात.
अक्षर वाकडं येतंय. रागाने. थंडीचा काही संबंध नाही.
गारिबाल्डी रस्ता वन-वे आहे. अख्ख्या फेरारा शहराला ठाऊक आहे. मी माझ्या बाजूने, हेल्मेट, नारिंगी जॅकेट, आरसा, सगळं जागच्या जागी, आणि समोरून उलट्या दिशेने सासूबाई! आर्जियाबाई. वय एकोणऐंशी. एका हातात उघडी छत्री, हँडलला टांगलेला भोपळा. घंटी नाही. नुसतं ओरडल्या, "सरका, जावईबापू!"
सरकलो. सरकावंच लागलं, भोपळा माझ्या गुडघ्याच्या दिशेने येत होता. फुटपाथला चाक घासलं. नवीन रिम. मी मागे वळून कायद्याचं कलम ओरडून सांगितलं, तोवर त्या कॅथेड्रलमागे आपल्या बटणा-दोऱ्यांच्या दुकानात पोचल्यासुद्धा असतील.
संकल्प १ : या शहरातल्या सायकलवाल्यांना शिस्त लावायची. सुरुवात घरापासून.
संकल्प २ : चिडायचं नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.
बायकोला, ओर्नेल्लाला, सांगितलं. म्हटलं, तुझ्या आईची सायकल बंद झाली पाहिजे, आजच्या आज. ती शेंगा मोडत होती. म्हणाली, आई जन्मभर सायकलवरून दुकानात जातेय, एकदाही पडली नाही. मी म्हटलं, म्हणजे आता पडायची वेळ जवळ आली. साधं गणित आहे.
यावर म्हणाली, "तू गेल्या वर्षात तीनदा पडलास, एर्मेस."
बायकांना विषय बदलायची फार सवय. पहिल्यांदा कुत्रं आडवं आलं. दुसऱ्यांदा रस्त्यात बसवलेले दगडी गोटे ओले होते. तिसऱ्यांदा खांब. तो खांब मुळात चुकीच्या जागी आहे. पालिकेला कळवलंय.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. दुपारी.
पुराव्याशिवाय लोक ऐकत नाहीत, म्हणून आज फोटो काढायचे ठरवलं. सकाळी कोपऱ्यावर सासूबाई बरोबर वेळेवर आल्या. उलट्या. आज छत्री नव्हती, पण दोन्ही हात सोडून रुमालाने नाक पुसत होत्या. मी त्यांच्यामागे वळलो, एका हाताने फोन धरला, आणि ट्रॅफिक पोलिसांच्या साबिनाबाईंनी शिट्टी मारली.
मला! चालत्या सायकलवर फोन हातात. दंड.
मी म्हटलं, अहो, ती गुन्हेगार बघा, ती चाललीय समोरून! साबिनाबाईंनी भुवया उंचावून रिकाम्या हवेत पाहिलं. "कोण? आर्जियाकाकू? दिसल्या नाहीत बाई मला. पण तुम्हीही त्याच बाजूने उलटे चालला होतात ना? ते सोडून देते."
नंतर ऑफिसात कळलं. साबिनाबाईंच्या युनिफॉर्मची बटणं सासूबाईच लावून देतात. फुकट. या गावातला भ्रष्टाचार बटणापर्यंत पोचलाय.
चिडलो नाही. फक्त दरवाजा जरा जोरात लागला.

रविवार, १९ ऑक्टोबर. जेवणानंतर.
मोठा विजय! सविस्तर लिहितो.
सासूबाईंकडे जेवण. भोपळ्याचं सारण भरलेले पास्त्याचे कापेल्लाच्ची. (तोच भोपळा असावा. तरी दोनदा घेतले. तत्त्व वेगळं, पोट वेगळं.) जेवण झाल्यावर मी उभा राहून मुद्देसूद बोललो : लेन, दिवा, घंटी, हात दाखवणं, वन-वे. सासूबाई पावाच्या तुकड्याने ताटातलं लोणी पुसत शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही रस्त्याकडे बघून चालवता की नियमाकडे?"
ओर्नेल्ला हसली. नवऱ्याच्या बाजूने नाही.
मी म्हटलं, हसू नका. तुम्ही एक दिवस कुणाला तरी धडकाल. त्या म्हणाल्या, "मग लावा पैज. दोघांत जो आधी पडेल किंवा कुणाला पाडेल, त्याची सायकल कायमची बंद."
मी लगेच हात पुढे केला. त्यांनी तो असा दाबला की अजून बोटं दुखतायत. ओर्नेल्ला साक्षीदार.
बिचाऱ्या. हरल्यातच जमा आहेत. थोडं वाईटही वाटलं. फार नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर.
पैज लागल्यापासून अतिशय सावध चालवतो. गोटे दिसले की उतरतो. ट्रक दिसला की उतरतो. आज एका म्हाताऱ्या ननने मला मागे टाकलं. घंटी वाजवली, हे मान्य करतो. ऑफिसला पुन्हा उशीर. साहेब म्हणाले, गेदिनी, चालत येत जा, लवकर पोचाल. कालव्यांच्या खात्यात राहून माणसाची विनोदबुद्धी पाण्यासारखी पातळ होते.
सासूबाई अजून पडलेल्या नाहीत. वाट पाहत नाहीये. नोंद करतोय.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
धुकं उतरलं. कालपासून हाताचा पंजा दिसत नाही. आणि या गावातल्या अर्ध्या सायकलींना दिवे नाहीत! काळे कोट घालून भुतासारखे निघतात. आज चौघांना थांबवून समजावलं. एक म्हणाला, आधी स्वतःच्या सासूला समजाव. दुसऱ्याने जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. इतका अडाणीपणा, इतका माज! चिडू नये तरी किती?
संकल्प : उद्यापासून प्रत्येकाला गाठायचं. एकालाही सोडायचं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. हॉस्पिटलच्या बाकावरून.
अपघात झाला. नीट लिहून ठेवतो, कारण नंतर लोक काहीही बोलतील.
संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर सिग्नलला उभा होतो. लाल. एक काळ्या कोटवाला, दिवा नाही, माझ्या बाजूने सरळ पुढे. लाल सिग्नल तोडून! माझं डोकं फिरलं. मी त्याच्या मागे निघालो. सिग्नल माझ्यासाठीही लालच होता हे खरं, पण मी कायद्याच्या बाजूने चाललो होतो. तो गारिबाल्डी रस्त्यात वळला. मीही. उलट दिशा होती हे आता लक्षात येतंय. घंटी वाजवली नाही, कारण ओरडत होतो. एका वेळी दोन गोष्टी करू नयेत.
धुक्यातून एक दिवा आला. पिवळा, छोटा. मला वाटलं, लांब आहे.
सासूबाई होत्या. दुकान बंद करून घरी निघालेल्या. योग्य दिशेने. आपल्या बाजूने. दिवा लावून. ऐन आजच त्यांना नियमाने चालायचं सुचावं!
पडताना त्यांनी हात टेकला. आवाज झाला. मी पडलो नाही. आरसासुद्धा शाबूत आहे.
त्यांचं उजवं मनगट. दोन ठिकाणी मोडलं.

त्याच दिवशी, जरा वेळाने.
साबिनाबाई आल्या. ओर्नेल्ला आली. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "घसरले. गोटे ओले होते. हे मागून येत होते, यांनीच उचललं मला."
साबिनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओर्नेल्लाने माझे दोन्ही हात धरले आणि थँक्यू म्हणाली. डोळ्यांत पाणी.
त्या बाईंना कुणी सांगितलं होतं खोटं बोलायला? मी सांगितलं होतं? मला भयंकर राग आलाय. सगळ्यांचा. काळ्या कोटवाल्याचा तर आहेच.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
ओर्नेल्लाला आज खरं सांगायचं ठरवलं होतं. पण तिचं डोकं दुखत होतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर.
आज सांगणारच होतो. पण तिने माझ्यासाठी भाजलेले कांदे केले होते. अशा वेळी माणसाचा घास कडू करणं बरं नाही.
शेजारी जिन्यात भेटले की पाठ थोपटतात. सासूला धुक्यातून उचललं म्हणे. बेकरीवाला लेआर्को पावाचे पैसे घेत नाही. काय मूर्ख लोक आहेत! चौकशी नको, काही नको.

शनिवार, २२ नोव्हेंबर.
सासूबाईंनी सायकल आमच्या तळघरात पाठवली. काळी, रॉडचे ब्रेक, सीट माझ्या लग्नाच्याही आधीची. सोबत निरोप : "पडले, म्हणजे हरले. ठरल्याप्रमाणे."
म्हणजे मी जिंकलो. जे हवं होतं ते सगळं मिळालं. शहर एका बेशिस्त चालकापासून मुक्त.
रात्रीचं जेवण गेलं नाही. धुक्यामुळे पोट बिघडलंय.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.
दुपारी दुकानात डोकावलो. सहज. सासूबाई टेबलाशी बसलेल्या, प्लास्टर मांडीवर. पुढ्यात कुणाचा तरी कोट, एक बटण तुटलेलं. सुई डाव्या हातात. दोरा ओवता येत नव्हता. माझ्याकडे न बघता सुई पुढे केली. मी ओवायला घेतला. बऱ्याच वेळाने जमलं.
त्यांनी टोमणा मारला नाही. मी वाट पाहिली. एकही नाही.
डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण ब्रेक दाबण्याएवढी पकड परत येईल असं धरून चालू नका. सासूबाईंनीच सांगितलं मला, दोरे रंगाप्रमाणे लावत. जसं काही दुसऱ्या कुणाचा हात आहे.
मी विचारलं, तुम्ही खोटं का बोललात? म्हणाल्या, "ओर्नेल्लाला तुमच्याबरोबर राहायचंय, जावईबापू. माझं काय, मी बसने जाईन." मग जरा थांबून, "त्या बसमध्ये कोंबड्यांसारखा वास येतो."

रविवार, ३० नोव्हेंबर.
सांगितलं.
जेवताना, सासूबाईंच्याही समोर. काटा खाली ठेवून उभा राहिलो. आधी धुक्याबद्दल बोललो, मग काळ्या कोटवाल्याबद्दल, मग शहराच्या एकूण शिस्तीबद्दल. मग शब्द संपले आणि म्हटलं, मी धडकलो. उलटा आलो, लाल तोडून. त्या नीट चालल्या होत्या.
ओर्नेल्ला सूप वाढत राहिली. म्हणाली, "माहितीय."
आईने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं म्हणे, मी औषधं आणायला गेलो तेव्हा. साबिनाबाईंना तर टायरच्या खुणांवरूनच कळलं होतं. लेआर्कोलाही माहीत होतं. मी म्हटलं, मग तो पावाचे पैसे का घेत नव्हता? ओर्नेल्ला म्हणाली, तुझं तोंड बघून. आजारी दिसत होतास.
"मग कुणी बोललं का नाही मला?" मी ओरडलो. खरंच ओरडलो.
"तू कधी बोलतोस ते बघत होतो," ओर्नेल्ला म्हणाली. हसली नाही. दारं न आपटता आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.
सासूबाई म्हणाल्या, "बसा आता. गार होतंय."

सोमवार, १ डिसेंबर.
पैज ती पैज. माझी सायकल ओर्नेल्लाने घेतली. आरसा काढून टाकला. म्हणाली, मागे बघायची गरज नाही.
मी दोन्ही सायकली गमावल्या असं म्हणता येईल. एक त्यांची, एक माझी.
संकल्प : चालत जाणं आरोग्याला उत्तम.

शुक्रवार, ५ डिसेंबर.
चालत जाणं असह्य आहे. सायकलवाले पायी माणसाला माणूस समजत नाहीत. आज ओर्नेल्लाच मला चिखल उडवून गेली. घंटी वाजवली, पण नंतर.
लेआर्कोकडे पाव पोचवायची जुनी तीनचाकी आहे, पुढे लाकडी पेटी. धूळ खात पडलीय. मागितली. का मागितली ते अजून ठरलेलं नाही.

शनिवार, ६ डिसेंबर.
तीनचाकी सासूबाईंच्या दाराशी नेली. पेटीत उशी घातली होती. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, मी काय पाव आहे? दार लावून घेतलं.
एवढे कष्ट! पिठाची धूळ काढता काढता माझी कंबर मोडली. कृतज्ञता नावाची गोष्टच नाही जगात. यापुढे कुणासाठी काही करणार नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर. सकाळी, ऑफिसात. उशीर.
आमच्या दाराबाहेर, तीनचाकीपाशी, सासूबाई उभ्या होत्या. कोट घातलेला, टोपी घातलेली. म्हणाल्या, बसचा वास सहन होत नाही, बाकी काही नाही. पेटीत बसल्या.
त्यांच्या टोपीमुळे मला समोरचं काही दिसत नव्हतं. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, दिसायची गरज काय, मी आहे ना. मग सुरू झाल्या : डावीकडे. हळू. आता जोरात. त्या म्हाताऱ्याला घंटी द्या. त्याला नाही, त्या दुसऱ्याला! मी पेडल मारत होतो. तीनचाकी जड, त्या हलक्या नाहीत, गोट्यांवर सगळं खडखडत होतं. आता आत वळा, म्हणाल्या. वळलो. गोटे ओळखीचे वाटले तेव्हा कळलं, गारिबाल्डी रस्ता. उलटा. मी म्हटलं, हे नियमात बसत नाही. "दुकान उघडायची वेळ बसते का?" मी पेडल मारलं.
साबिनाबाईंनी शिट्टी मारली. थांबलो. घामाने चष्मा धुरकट झालेला. त्यांनी पेटीत पाहिलं, मग माझ्याकडे, मग वही काढून विचारलं, ही गाडी कोण चालवतंय?
"मी चालवतेय," सासूबाई म्हणाल्या. "हे नुसते पाय मारतात."
साबिनाबाईंनी मान डोलावली आणि पावती माझ्या नावाने फाडली.